हेलसिंकीला राहायला जावं का? थंडी, अंधार आणि पाच वर्षांची लेक

रंकाळ्याकाठची
नमस्कार मंडळी, पहिल्यांदाच धागा काढतेय, सांभाळून घ्या. आमच्या ह्यांना हेलसिंकीत नोकरी लागलीय. शिरोली एमआयडीसीत फौंड्रीत बारा वर्षं काढली त्यांनी, कास्टिंगचं डिझाईन करतात, त्याच कामासाठी तिकडं बोलावलंय. नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात हजर व्हायचंय. मी लॅब टेक्निशियन, लेक पाच वर्षांची, सासू-सासरे आमच्याजवळच असतात. जो भेटतो तो म्हणतो की फिनलंड २०१८ पासून दरवर्षी आनंदी देशांच्या यादीत पहिला, जा बिनधास्त. मला यादी नको, तिथं राहिलेल्या माणसानं काय सोसलं आणि काय कमावलं ते पाहिजे. आपल्याकडं डिसेंबरात पारा १४ वर उतरला की आम्ही लेकीला कानटोपी घालून रग पांघरून बसवतो, ती मायनस १५ मध्ये कशी राहायची? रात्री झोप येत नाही या विचारानं. फायदे, तोटे दोन्ही लिहा, लांबलचक लिहिलं तरी चालेल, मी सगळं वाचणार आहे.

कागलचा पाव्हणा
ताई, मी कुठं परदेशात राहिलेलो नाही, पण एक विचारतो. सासू-सासऱ्यांचं वय काय? त्यांच्याजवळ कोण राहणार? थंडीला स्वेटर मिळतो, म्हातारपणी लेकाची जागा कशानं भरत नाही. माझे दोन्ही चुलतभाऊ बाहेर आहेत आणि काका-काकूंना दवाखान्यात मी नेतो, त्यात माझी तक्रार काही नाही, पण काका गाडीत बसल्यावर गप्प असतात ते मला बघवत नाही. पुरात तर (२०१९ ला आणि परत २०२१ ला) त्यांना रात्री खांद्यावरनं बाहेर काढलं तेव्हा भाऊ व्हिडिओ कॉलवर रडत होता. एवढंच सांगायचं होतं, निर्णय तुमचा.

मंगळवारपेठकर
ताई, मी हेलसिंकीत नऊ वर्षं आहे, माहेर मंगळवार पेठ. सावकाश वाचा.

पहिलं म्हणजे थंडीची भीती डोक्यातनं काढा. थंडीचा बंदोबस्त करता येतो. खरा प्रश्न अंधाराचा आहे आणि तो इथं यायच्या आधी कुणी नीट सांगत नाही. हेलसिंकी ६० अक्षांशावर. २१-२२ डिसेंबरला सूर्य सव्वानऊ-साडेनऊला उगवतो आणि सव्वातीनच्या आतच मावळतो, म्हणजे दिवस सहा तासांचासुद्धा नाही. आणि त्या सहा तासांतही सूर्य वर चढतच नाही. भर दुपारी तो क्षितिजापासनं फक्त साडेसहा अंश वर असतो, आपल्या कोल्हापुरात त्याच दिवशी दुपारी ५० अंशांवर असतो. साडेसहा अंश म्हणजे किती ते बघायचं असेल तर आत्ता गच्चीवर जा, हात समोर ताठ करा, मूठ वळा आणि मुठीचा खालचा काठ क्षितिजाला टेकवा. मूठ साधारण दहा अंश भरते. सूर्य त्या मुठीच्या आतच राहतो, वर येत नाही. समोर चार मजली बिल्डिंग असली तर त्या दिवशी ऊन दिसतच नाही.

दुसरं, नोव्हेंबर. माझं अगदी कळकळीचं सांगणं आहे, तुम्ही आणि लेक नोव्हेंबरात येऊ नका. मी नोव्हेंबरातच आले होते. तेव्हा धड बर्फ नसतो, ऊन तर नाहीच, नुसते ढग आणि बारीक पाऊस, रस्ते काळे ओले, झाडं काळी, तीनला दिवे लागतात. माझं असं व्हायला लागलं की सकाळी डोळे उघडायचे पण अंग उठायचं नाही, दुपारी दोनला परत झोप, आणि गोड खायची वखवख, गुळाचे खडे पिशवीतनं काढून काढून खायचे. मला वाटलं मला काहीतरी मोठा आजार झालाय. आईला फोनवर सांगायची हिंमत होईना. शेवटी शेजारच्या एका आजींनी दारातच ओळखलं आणि स्वतःचा दिवा आणून दिला, १०,००० लक्सचा (लक्स म्हणजे उजेडाचं माप), ताटाएवढा पांढरा. सकाळी उठल्या उठल्या चहा घेताना अर्धा तास त्याच्यासमोर बसायचं. दहा-बारा दिवसांत फरक पडला. (डोळ्यांचं काही दुखणं असेल तर डॉक्टरांना विचारून मगच.) आणि व्हिटॅमिन डी, ते इथं सगळेच घेतात, दुधातसुद्धा २००३ पासून घालतात, तरी आपल्या सावळ्या कातडीला हिवाळ्यात ते पुरत नाही, डॉक्टरांकडनं डोस ठरवून घ्या.

बर्फ पडला की मात्र सगळं बदलतं. जमीन पांढरी झाली की रस्त्यावरच्या दिव्यांचा उजेड दुप्पट वाटतो, पोरं ओरडत बाहेर पळतात. मायनस दहाच्या खाली गेलं की तो बर्फ पायाखाली करकर वाजतो, नव्या कोल्हापुरी चपलेसारखा. पहिल्यांदा तो आवाज ऐकला तेव्हा रस्त्यात थांबले होते मी.

घर कसं असतं ते पुढच्या प्रतिसादात लिहिते, जेवण चुलीवर आहे.

एडमंटनवहिनी
मंगळवारपेठकर, थोडं वेगळं मत मांडते हं. मी कॅनडात एडमंटनला, १४ वर्षं झाली. आमच्याकडं डिसेंबरात साडेसात तासांचा दिवस, तुमच्यापेक्षा फार मोठा नाही, पण आकाश निळं असतं हो. कडक ऊन आणि मायनस २५, दोन्ही एकदम. त्यामुळं मला अंधाराचा त्रास तसा झालाच नाही, मला त्रास झाला तो थंडीचाच. मायनस ३० ला नाकातले केस आतल्या आत चिकटतात, श्वास घेतला की खोकला येतो. गाडीच्या इंजिनालासुद्धा हीटर बसवलेला असतो, पुढनं वायर लोंबत असते, रात्री ती प्लगला लावून ठेवायची, नाहीतर सकाळी गाडी चालू होत नाही. आणि घरासमोरचा फुटपाथ स्वतः फावड्यानं साफ करायचा, नाही केला तर दंड. हे ऑफिसला जायच्या आधी, अंधारात, पाठ दुखत असताना.

सगळ्यात जपायचं ते निसरड्याला. बर्फ वितळून रात्री परत गोठतो त्याचा पातळ काचेसारखा थर होतो, डांबरावर दिसतच नाही. दुसऱ्या वर्षी मी किराणा घेऊन येताना त्यावरनं सरकले आणि मनगट मोडलं, सहा आठवडे प्लास्टर, चपात्या हे करत होते. तेव्हापासनं चालणंच बदललं, पाऊल सपाट टाकायचं, गुडघे सैल, हात कधी खिशात नाही.

उन्हाळा मात्र असा की बोलायची सोय नाही. जूनमध्ये रात्री दहाला सूर्य मावळतो, पोरं नदीकाठच्या जंगलात सायकली फिरवत असतात. फक्त डास फार आणि अलीकडं वणव्यांचा धूर, २०२३ ला तर मे महिन्यातच आकाश पिवळं झालं होतं.

टाकळीचा फौजी
लेकी, मी सैनिक टाकळीचा. मराठा लाइट इन्फंट्रीत २४ वर्षं सर्व्हिस झाली, त्यातली तीन हिवाळे लेह आणि द्रासला काढली. द्रास दहा हजार फुटांच्या वर हाय, तिथली थंडी शहरातली नव्हं, पर अंगाला थंडी सगळीकडं सारखीच कळती. म्हणून चार गोष्टी सांगतो त्या ध्यानात धर.

सुती बनियन आत घालायचं न्हाई. सुती कापड घाम पितंय आणि ओलंच ऱ्हातंय, मग तेच अंग गारठवतंय. आत लोकरीचं, त्यावर उबदार, आणि सगळ्यात वर वारं अडवणारं. तीन पातळ कपडे एका जाड कपड्यापेक्षा लई चांगले, कारण उब कपड्यात नसती, दोन कपड्यांच्या मधल्या हवेत असती. बूट एक नंबर मोठा. घट्ट बुटात रक्त फिरत न्हाई आणि बोटं पहिली जातात. मोजा ओला झाला की तिथल्या तिथं बदलायचा, आळस करायचा न्हाई. उघड्या हातानं लोखंड धरायचं न्हाई.

आणि पोराचं नाक, कान, बोट पांढरं पडलं, बधिर झालं तर चोळायचं न्हाई. आमच्याकडं चोळायची सवय असती, त्यानं आतनं कातडी फाटती. घरात आणायचं, कोमट पाण्यात ठेवायचं, अंगाच्या तापमानापेक्षा किंचित गरम, कडकडीत न्हाई आणि शेगडीजवळ तर न्हाईच, बधिर बोटाला भाजलेलं कळत न्हाई. तरी रंग आला न्हाई तर दवाखाना गाठायचा.

थंडीला भ्यायचं न्हाई, पर तिच्याशी मस्तीबी करायची न्हाई. तयारी केलेलं माणूस थंडीत मजेत राहतंय, मी राहिलोय.

रंकाळ्याकाठची
काका, तुमचं वाचून डोळ्यात पाणी आलं, लिहून घेतलंय सगळं. सासऱ्यांनी पण वाचलं, ते म्हणाले माणूस बरोबर बोलतंय.

मंगळवारपेठकर ताई, घराचं लिहा ना. आणि लेकीला शाळेत बाहेर सोडतात म्हणे थंडीत? आणि माझ्या कामाचं काय होईल?

मंगळवारपेठकर
लिहिते. घर म्हणाल तर आपल्या कोल्हापुरातल्या जानेवारीतल्या पहाटेपेक्षा इथलं घर उबदार. आपल्याकडं शहाबादी फरशीवर पाय टेकवला की शिरशिरी मस्तकात जाते, इथं बारा महिने घरात २१ च्या आसपास. शहरातल्या केंद्रातनं गरम पाणी जमिनीखालच्या पायपांतनं घरोघरी येतं, खिडक्यांना तीन-तीन काचा. मी घरात अर्ध्या बाह्यांचा ड्रेस घालून भाकऱ्या थापते.

पण हवा कोरडी, त्याला मात्र तयारी पाहिजे. कारण साधं आहे, मायनस दहाची हवा एका घनमीटरात दोन-सव्वादोन ग्रॅमपेक्षा जास्त वाफ धरूच शकत नाही, आणि तीच हवा घरात २१ पर्यंत तापली की तिची धरायची ताकद अठरा ग्रॅमची होते, म्हणजे हवा तहानलेली, ती तुमच्या कातडीतनं, ओठातनं, नाकातनं पाणी ओढते. लेकीच्या नाकातनं रक्त आलं तर घाबरू नका, पहिल्या हिवाळ्यात बऱ्याच पोरांना येतं. रात्री नाकात तूप बोटानं लावा, आम्ही तेच करतो. खोबरेल तेलाची मोठी बाटली आणा. सांडगे मी हिवाळ्यात घर तापवायच्या रेडिएटरवर वाळवते, एका रात्रीत खडखडीत. दही पण तिथंच लागतं, टॉवेलात गुंडाळून.

एक गोष्ट सांगून ठेवते, फोडणी घालायच्या आधी सगळे कोट कपाटात टाकून दार लावायचं. तांबड्या रश्शाचा वास त्या जाड कोटात असा बसतो की आठवडाभर जात नाही, आणि कोट काही रोज धुता येत नाही.

लेकीचं. हो, बालवाडीत रोज बाहेर नेतात, पाऊस असो की बर्फ. साधारण मायनस १५ च्या खाली गेलं तरच आत ठेवतात. तान्ही बाळं तर बाबागाडीत बाहेर झोपवतात, मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा त्या आईला जाऊन सांगणार होते की बाळ विसरलात. पोरांना एकसलग डगला असतो, त्याला हालरी म्हणतात, डोक्यापासनं घोट्यापर्यंत, आणि बोटांच्या हातमोज्यांपेक्षा पिशवीसारखे हातमोजे, त्यात बोटं एकमेकांना उब देतात. माझा मुलगा पहिल्या महिन्यात रडायचा, तिसऱ्या महिन्यात घरात यायला तयार नव्हता. सर्दी-खोकला कोल्हापुरात जेवढा व्हायचा तेवढाच. शाळा सात वर्षांची झाल्यावर, त्याआधी एक वर्ष पूर्वतयारी, आणि शाळेतलं दुपारचं जेवण सगळ्या पोरांना फुकट, ते १९४८ पासून चालू आहे. शाकाहारी सांगितलं तर शाकाहारी देतात.

आणि कोटाला चमकणारी पट्टी लावायची, रिफ्लेक्टर. अंधारात चालताना तो लावायचा नियमच आहे इथं, छोट्यांपासनं म्हाताऱ्यांपर्यंत सगळ्यांच्या खिशाला लोंबत असतो.

तुमच्या कामाचं सांगायला वाईट वाटतं पण खोटं कशाला सांगू. लॅबच्या कामाला इथं परवाना लागतो आणि त्यासाठी फिनिश यावं लागतं, आणि ती भाषा सोपी नाही, आपल्याला सात-आठ विभक्त्या पाठ करताना घाम फुटायचा, त्यांच्या पंधरा. मला कामापुरती यायला चार वर्षं लागली. तोवर मी घरात होते, आणि ती चार वर्षं नवऱ्याच्या पगारापेक्षा माझ्या मनाला जास्त महाग पडली. म्हणून आजपासनंच शिकायला लागा, कोल्हापुरातनंच, रोज अर्धा तास तरी.

एडमंटनवहिनी
हे मनापासून पटलं. आमच्याकडं इंग्रजीवर भागतं म्हणून मी दुसऱ्या वर्षी कामाला लागले आणि तिथंच माझी थंडी अर्धी कमी झाली. सकाळी जायला जागा पाहिजे माणसाला.

कागलचा पाव्हणा
ताई, तुम्ही म्हाताऱ्या माणसांबद्दल काही लिहिलं नाही. तुमचे आई-वडील?

मंगळवारपेठकर
दोन दिवस उत्तर द्यायचं टाळलं, आज लिहिते.

दादा, म्हणजे माझे वडील, तीन वर्षांपूर्वी गेले, जानेवारीत. भावाचा फोन आला तेव्हा इथं रात्रीचे अकरा, तिकडं अडीच. हिवाळ्यात साडेतीन तासांचा फरक असतो. सकाळचं तिकीट काढलं, मध्ये एक विमान बदलून मुंबई, तिथनं गाडीनं कोल्हापूर. पंचगंगेच्या घाटावर मी सावडायला पोचले. चेहरा बघायला मिळाला नाही. अंगावर बर्फातला तोच जाड कोट होता, काढायचं सुचलंच नव्हतं, घाटावर एका काकूंनी तो माझ्या अंगातनं काढून घेतला आणि घडी घालून हातात दिला.

याच्यावर उपाय मला सापडलेला नाही. दरवर्षी न चुकता महिनाभर कोल्हापूरला जाते, पहिली दोन वर्षं पैसे वाचवायला गेले नव्हते त्याचं दुःख अजून आहे. आई इथं एकदा येऊन गेली, मी तिला जूनमध्ये आणलं, डिसेंबरात नाही. तेव्हा रात्री पावणेअकरापर्यंत उजेड असतो. इथल्या जंगलात रानातली फळं कुणीही तोडू शकतं, जमीन कुणाचीही असो, तसा हक्कच आहे सगळ्यांना. जुलैच्या शेवटाला ब्लूबेरी पिकल्या तेव्हा आई ओच्यात गोळा करत होती आणि म्हणाली, गगनबावड्याला करवंदं काढायचो तसंच आहे की गं. बोटं जांभळी झाली होती तिची. ती आली होती म्हणून मी इथं राहू शकले पुढं.

कागलचा पाव्हणा
ताई, विचारायला नको होतं, माफ करा. पण तुम्ही लिहिलंत ते बरं केलंत. चुलतभावाला ही लिंक पाठवलीय.

गंगावेसची आई
माझी लेक नॉर्वेत आहे म्हणून इथं वाचत असते. सासू-सासऱ्यांच्या बाजूनं लिहिते. आम्हाला पोरांनी थांबावं असं वाटतं हे खरं आहे, पण पोरं मन मारून थांबली तर ते आम्हाला दिसतं, आणि ते जास्त दुखतं. फक्त एक करा, फोन ठरलेल्या वेळेला करा. रोज नको, पण ठरलेला. माझी लेक रविवारी सकाळी करते, मी गंगावेसच्या कट्ट्यावरनं दूध घेऊन आले की फोन वाजतो. कधी पाच मिनिटं उशीर झाला तर मी गॅसजवळ उभीच असते.

रंकाळ्याकाठची
काल रात्री आम्ही चौघं बसलो आणि मी हा धागा सगळ्यांना मोठ्यानं वाचून दाखवला. मंगळवारपेठकर ताई, तुमचं दादांचं वाचताना आवाज फुटला, मग सासऱ्यांनी मोबाईल हातातनं घेऊन पुढचं वाचलं. वाचून झाल्यावर ते म्हणाले, तू नोव्हेंबरात जाऊ नको, त्याला पुढं जाऊ दे, घर लावू दे. तू अंबाबाईचा किरणोत्सव बघून जा.

आधी मला कळलं नाही, मग लक्षात आलं. ९ ते ११ नोव्हेंबर आणि ३१ जानेवारी ते २ फेब्रुवारी. पहिल्या दिवशी मावळतीचं ऊन महाद्वारातनं आत येऊन देवीच्या पायावर, दुसऱ्या दिवशी कमरेपर्यंत, तिसऱ्या दिवशी तोंडावर. आम्ही लहानपणापासनं गर्दीत टाचा उंच करून ते बघत आलोय, ढग आले तर अख्खं गाव हळहळतं. सासरे म्हणाले नोव्हेंबरचा सगळे मिळून बघू, तो निघेल, फेब्रुवारीचा बघून तू आणि नात निघा. ह्यांनी कंपनीला विचारलं, हजर व्हायची तारीख आठवडाभर पुढं ढकलून मिळालीय, मी आणि लेक फेब्रुवारीत गेलो तरी त्यांना काही अडचण नाही. एक वर्ष बघायचं, पुढच्या जूनमध्ये सासू-सासऱ्यांना तिकडं न्यायचं, आणि दरवर्षीच्या तिकिटाचे पैसे पहिल्याच पगारापासनं बाजूला ठेवायचे, हे वहीत लिहून चौघांनी सह्या केल्यात.

मी कालपासनं फिनिश सुरू केलंय. धन्यवादला कीतोस म्हणतात ना?

मंगळवारपेठकर
हो, कीतोस! उच्चार पहिल्या अक्षरावर जोर देऊन.

फेब्रुवारी म्हणजे फार चांगलं झालं. तेव्हा बर्फ असतो आणि दिवस रोज पाच-एक मिनिटांनी वाढत असतो, म्हणजे आठवड्याला अर्धा तास, ते डोळ्याला कळतं. लेक आली की रोज नवा उजेड बघेल ती. तुमचे हे मात्र नोव्हेंबरात एकटे असतील, त्यांना पहिल्याच रविवारी आमच्याकडं जेवायला पाठवा, दिवा पण देते माझा जुना, आता मला दुसरा आहे.

येताना कांदा-लसूण चटणी, खोबरेल आणा, कडधान्य आणू नका, ते इथं हाकानिएमी भागातल्या दुकानांत मिळतं. आणि थंडीचे कपडे कोल्हापुरात किंवा मुंबईत घेऊ नका, इथं पोरांचे वापरलेले चांगले डगले अगदी स्वस्तात मिळतात, माझ्या मुलाचा पाच-सहा वर्षांचा असतानाचा निळा हालरी ठेवलाय अजून.

टाकळीचा फौजी
आमच्या मंडळी लोकरीचे मोजे विणतात, द्रासला मला त्यांनीच विणून पाठवलेले. नातीच्या पावलाचं माप वेताच्या काठीनं नको, कागदावर पाऊल ठेवून पेन्सिलीनं काढून पाठव. दोन जोड करून ठेवायला सांगतो, एक बोट वाढीव.

रंकाळ्याकाठची
काका, आत्ताच कागदावर काढलं. ती हलली म्हणून अंगठ्याजवळ रेघ दोनदा आलीय, आतली धरा.